शनिवारी बंद राहणारा घाणा

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीम यांच्या दरम्यान असलेल्या नवगावच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन खडकाळ बेटे आहेत. त्यांच्या आसपासचा समुद्र पावसाळ्याच्या तोंडावर किती अवघड होतो, हे थळच्या कोळ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. याच खडकांच्या परिसरात एक गलबत फुटले, बुडालेल्यांचे देह नवगावला किनाऱ्याला लागले आणि गावकऱ्यांनी ते दोन ठिकाणी पुरले, एकीकडे पुरुष व दुसरीकडे स्त्रिया. वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया मात्र त्याच गावाच्या आश्रयाने राहिल्या आणि त्यांच्यापासून पुढे हजारोंचा समाज झाला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत समजूत आहे. ‘बेने इस्रायल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्रायलची लेकरे’ असा होतो. मराठी मातृभाषा असलेला आणि रायगडच्या किनाऱ्यालाच आपले मूळ स्थान मानणारा हा भारतातील सर्वांत मोठा ज्यू समाज होय.

हे गलबत नेमके कधी फुटले, याविषयी एकमत नाही. समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७च्या सुमारास लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासग्रंथात ही घटना इसवी सनपूर्व १७५च्या आसपासची मानली आहे. त्यानंतरच्या काही अभ्यासकांनी ती कित्येक शतके अलीकडे ओढली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशशास्त्रीय अभ्यासाने पश्चिम आशियातील, बहुधा ज्यू, पूर्वज आणि स्थानिक भारतीय पूर्वज यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी झाला असावा, असे दाखवले. चौदा देह किनाऱ्याला लागल्याची आणि परशुरामाने ते जिवंत केल्याची चित्पावनांच्या उत्पत्तीची कथाही याच कोकणातली असल्यामुळे, चौदा या आकड्यावर इतिहास म्हणून फार भार टाकता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गलबत फुटण्याची तारीख हा नसून, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालेले जगणे हा आहे: उष्ण, दमट, चार महिने पावसाने वेढलेल्या आणि भात, नारळ व मासळीवर पोसलेल्या किनाऱ्यावर वेगळ्या हवेतून आलेली माणसे रुळली कशी, आणि रुळताना त्यांनी काय सोडले व काय धरून ठेवले.

पोटाचा प्रश्न त्यांनी घाण्याने सोडवला. शेतीला जमीन लागते आणि नवख्याला ती सहसा मिळत नाही. तेलाचा घाणा मात्र घराच्या पडवीत किंवा मांडवात बसतो आणि गावातल्या प्रत्येक दिव्याला व प्रत्येक फोडणीला तेल लागतेच. लाकडी उखळात उभी लाट, लाटेला आडवे जोडलेले जू, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल आणि दिवसभर त्याच वर्तुळात फिरणारी त्याची पावले एवढाच या उद्योगाचा संसार होता. उखळात तीळ किंवा सुके खोबरे टाकले की लाटेच्या दाबाखाली तेल सुटू लागे, ते खाली धरलेल्या भांड्यात उतरे, आणि उरलेली पेंड गुरांच्या दावणीला जाई, त्यामुळे ज्या बैलाने तेल काढले त्यालाच त्यातला वाटा मिळे. गॅलिली प्रदेशातील ज्यूंमध्ये ऑलिव्हचे तेल काढण्याचा व्यवसाय प्रचलित होता आणि तोच हे लोक सोबत घेऊन आले, असा एक तर्क मांडला जातो. तो खरा असेलही. पण बिनजमिनीच्या माणसाला परक्या गावात जे जमते ते या लोकांनी जमवले, एवढे कारणही पुरेसे आहे.

या घाण्यानेच त्यांना नाव दिले. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा काळ हा ‘शब्बाथ’, म्हणजे संपूर्ण विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, व्यवहार करायचा नाही आणि जनावरालाही कामाला जुंपायचे नाही. त्यामुळे गावातला घाणा शनिवारी बंद असे आणि लोक त्याच्या मालकांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले, तर शंकराच्या वारी, सोमवारी, घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली हे ‘सोमवार तेली’ ठरले. या जोडनावात रायगडच्या गावाची विचार करण्याची पद्धत स्वच्छ दिसते. शेजारी कोणत्या देवाला मानतो, यापेक्षा तेल कोणत्या वारी मिळणार नाही हे गावाला जास्त महत्त्वाचे होते. आणि प्रत्येकाला एखादा वार पाळायचा असतोच, ही गोष्ट सोमवार, गुरुवार, शनिवार यांचे उपवास करणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. सुटीचा परका दिवस अशा रीतीने गावच्या वारांच्या यादीत मुकाट्याने जाऊन बसला. किंमत मात्र मोजावी लागली, कारण तेली म्हणून जातिव्यवस्थेत जी खालची पायरी मिळाली ती या समाजाला पुढे कित्येक पिढ्या जाचत राहिली.

स्वयंपाकघरातला प्रश्न अधिक नाजूक होता. ज्यू आहारनियमांना ‘कश्रुत’ म्हणतात. त्यांतला एक प्रमुख नियम असा, की मांस आणि दूधदुभते एकत्र शिजवायचे नाही व एकत्र खायचे नाही. दुसरा असा, की पाण्यातल्या जिवांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत तेवढेच खायचे. पहिल्या नियमाची अडचण कोकणात जवळजवळ उरतच नाही, कारण कालवणाला दाटपणा आणायला इथे दह्यादुधाऐवजी नारळाचा रस असतो, आणि नारळ हे झाडाचे फळ असल्यामुळे तो मटणातही चालतो आणि खिरीतही. देशावर किंवा उत्तरेकडे ज्या समाजाला प्रत्येक पातेल्याचा हिशेब ठेवावा लागला असता, त्याला अलिबागच्या वाडीतल्या माडाने त्या हिशेबातून बरेचसे मोकळे केले. या समाजात नव्या वर्षाच्या सणाला होणारा चिकाचा हलवा याची साक्ष देतो: गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक नारळाच्या रसात साखर घालून तासन् तास घोटायचा, तो कडा सोडू लागला की ताटात ओतायचा आणि थंड झाल्यावर वड्या कापायच्या. त्यात दुधाचा थेंब नसल्यामुळे तो मटणाच्या जेवणानंतरही खुशाल खाता येतो. कोकणी शेजारणीला यातली कोणतीच कृती परकी वाटणार नाही. दोघींची कारणे तेवढी वेगळी असतील.

मासळीचा नियम बाजारातच पाळावा लागे. रायगडच्या किनाऱ्यावर कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, माकुल, मुशी आणि पाकट हे सगळे पाटीत एकत्र येते आणि यांतले काहीही या समाजाच्या ताटात चालत नाही. पापलेट आणि बांगडा चालतात. या निवडीशी समाजाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध कथा जोडलेली आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू धर्मज्ञ कोकणात आला असता शनिवार पाळणाऱ्या या तेल्यांविषयी त्याला कुतूहल वाटले, आणि परीक्षा पाहण्यासाठी त्याने त्यांच्या बायकांना सर्व जातींची मासळी एकत्र करून शिजवायला दिली. त्यांनी पर व खवले नसलेली मासळी बाजूला काढून ठेवली, तेव्हा हे आपलेच लोक आहेत अशी त्याची खात्री पटली. रहाबी कोणत्या काळातला, यावर परंपरा आणि इतिहासकार यांचे जमत नाही. परंपरा त्याला फार प्राचीन मानते, तर अनेक अभ्यासक अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी या व्यापारी घराण्याशी त्याचा संबंध लावतात. कथेचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. त्या वेळी या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती, आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, आठव्या दिवशीची सुंता, शनिवार व काही उपवास यांपलीकडे फारसे काही हाती उरले नव्हते. पुरुषांच्या पाठांतरातून जे निसटले ते बायकांच्या विळीपाशी टिकले, आणि परीक्षकानेही परीक्षा घेतली ती तिथेच.

कालगणनेच्या बाबतीत किनाऱ्याने केलेली मदत क्वचितच लक्षात घेतली जाते. ज्यू पंचांग हे आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर आहे, म्हणजे महिने चंद्रावर मोजायचे आणि ऋतू हुकू नयेत म्हणून काही वर्षांनी अधिक महिना घालायचा. १९ वर्षांत असे सात अधिक महिने येतात. शिवाय महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, ज्याला अमान्त पद्धत म्हणतात, आणि ज्यू महिनाही नव्या चंद्रापासूनच सुरू होतो, त्यामुळे त्यांच्या महिन्याची १४-१५ तारीख आणि आपली पौर्णिमा जवळजवळ एकाच वेळी पडते. पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात हा मेळ इतका सरळ बसला नसता. त्यात पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा कमी जोर, यांवर मासेमारी व होड्यांची ये-जा ठरत असल्यामुळे खारेपाटातल्या लेकरालाही तिथी ठाऊक असते. छापील पंचांग जवळ नसलेल्या समाजाला आपले सण धरून ठेवायला ही तिथीची सवय उपयोगी पडली असणार, असा तर्क करायला जागा आहे.

त्या सणांची नावे केहीमकरांनी नोंदवून ठेवली आहेत आणि ती वाचताना रुळणे म्हणजे काय ते नीट कळते. ज्यू वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’ झाला. त्यानंतर लवकरच येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’ला नव्या तांदळाची खीर होई; पाऊस ओसरून हळवे भात हाती येण्याचा तो काळ. प्रायश्चित्ताचा सर्वांत पवित्र दिवस, ज्याला हिब्रूत ‘योम किप्पुर’ म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’ झाला, कारण त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून आणि कोणाचा स्पर्श होऊ न देता दिवसभर कडकडीत उपवास करायचा असे. दुसऱ्या दिवशी दानधर्माचा ‘शिळा सण’. पुरीम हा आनंदाचा सण फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येत असल्याने तो ‘होळीचा सण’ म्हणून ओळखला गेला आणि घरोघर पुरणपोळी होऊ लागली. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटकेची आठवण म्हणून आंबवलेले अन्न वर्ज्य करणारा जो वल्हांडणाचा सण, त्याचे मूळ कारण विसरले गेले तरी आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याची रीत उरली, आणि सणाचे नावच ‘अनाशी धाकाचा सण’ पडले. गव्हाच्या फुगलेल्या पावावरून घडलेला हा नियम तांदळाच्या भाकरीच्या मुलखात लावायचा तरी कशाला, कारण भाकरी मुळातच बिनआंबवणाची! तो भाकरीला लावता येईना, म्हणून आंबवणाच्या भांड्याला लागला. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे खाल्ले जाई, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. वालाला मोड आणून, ते सोलून केलेले बिरडे हे रायगडच्या घरचे रोजचे सुख, आणि शोकाच्या दिवशीही ताटात तेच.

‘रोजा’ या शब्दाकडे मात्र थांबून पाहायला हवे. सणांची नावे मराठी आहेत, तर धर्मव्यवहाराचे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेले दिसतात: उपवास तो रोजा, प्रार्थना ती निमाज, धार्मिक निवाडे करणारा तो काझी, आणि पुढे प्रार्थनामंदिर बांधले गेले तेव्हा ती मशीद. रहाबीने शिकवून तयार केलेल्या तिघांच्या झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांत काझीपण वंशपरंपरेने चालले, असे समाज मानतो. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने केला जाणारा नवसाचा ‘मलिदा’ही याच सरमिसळीतला आहे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे असा हा नैवेद्य लग्न, बारसे, आजारातून उठणे किंवा प्रवासाला निघणे अशा प्रत्येक प्रसंगी मांडला जातो. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एका खडकावर एलियाहूंच्या रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापेच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा असून ते या समाजाचे नवसाला पावणारे स्थान आहे. जगभरच्या ज्यूंचा प्रेषित कोकणात आला आणि कोकणातल्या कोणत्याही दैवताप्रमाणे कातळावर आपली खूण ठेवून गेला.

नावांचीही अशीच सोयरीक जमली. सॅम्युएलचा समाजी, ईझकेलचा हसाजी, आणि आडनाव ज्या गावी घाणा त्या गावावरून: नवगावकर, किहीमचे केहीमकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. स्त्रिया लुगडे नेसत, मंगळसूत्र घालत. लग्नाआधी मेंदी लागे. गोमांस वर्ज्य असे आणि विधवाविवाहाला शेजारच्या हिंदू जातींप्रमाणेच नापसंती होती. समाजात ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे दोन भेद होते, पैकी मिश्र विवाहाची संतती मानल्या गेलेल्या ‘काळ्यां’शी ‘गोरे’ बेटीव्यवहार करीत नसत. शेजाऱ्यांकडून काय उचलायचे याची निवड नेहमी भल्याचीच झाली असे म्हणता येत नाही.

याच किनाऱ्यावर स्थिरावलेल्या इतर परक्यांशी तुलना केली म्हणजे या रुळण्याचा प्रकार स्पष्ट होतो. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले आणि मुरूडसमोरच्या बेटावर तटबंदीच्या आत सत्ताधीश म्हणून राहिले. त्यांचे संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाने, १७४० साली पोर्तुगीज चौल मराठ्यांच्या हाती गेल्यानंतरही, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली आजतागायत घरात जपली आहे. बेने इस्रायलांजवळ ना तट होता ना भाषा. त्यांनी भाषा पूर्णपणे सोडली आणि वार धरला, आणि वार धरायला तटाची गरज पडली नाही. तट नसूनही आंग्र्यांच्या मराठा आरमारात चुरीकर घराण्यातील पुरुष नाईकपदापर्यंत चढले व त्यांना इनामेही मिळाली.

अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे सरकू लागला आणि विसरलेला धर्म त्याला तिथे पुन्हा शिकवला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले सायनागॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे एक मत आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, कारण शिकणाऱ्यांची भाषा मराठी होती. १८७४ साली पुण्यात छापलेल्या ‘हगादा’ या वल्हांडणाच्या पोथीतील चित्रांत सणाची बिनआंबवणाची भाकर भाजणाऱ्या बायका लुगड्यात दाखवल्या आहेत. १८८०पासून मोशे आणि योसेफ यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. पाठीमागे कोकणातही रेवदंड्याला १८४२ साली, अलिबागला १८४८ साली आणि पनवेलला १८४९ साली सायनागॉग उभी राहिली. अलिबागचे ‘मागेन अबोथ’ ज्या आळीत आहे तिला आजही इस्रायल आळी म्हणतात.

१९४८नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, आणि रुळण्याचा खेळ उलट्या बाजूने सुरू झाला. तिथे शनिवार ही साऱ्या देशाचीच सुटी असल्यामुळे, ज्या खुणेवर शतकानुशतके ओळख उभी होती ती खूण रातोरात नाहीशी झाली. उलट, मराठी बोलणारे, भात खाणारे हे ज्यू खरोखर ज्यू आहेत का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांच्या संदर्भात काढला. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले आणि अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता दिली व धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. कोकणात ज्यांना शनिवारवरून ओळखले गेले, त्यांना लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा आणि डिमोना इथे ओळखले जाऊ लागले ते पुरणपोळी, मेंदी आणि मलिद्यावरून. लोदमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत रायगडच्या गावांतली त्यांची घरे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि घाणे तर त्याच्याही कितीतरी आधी थांबले होते. नवगावला दोन समूह-समाध्यांच्या जागी स्मारक आहे. इस्रायलमधून आलेली कुटुंबे तिथे येतात, मग खंडाळ्याला जातात आणि अलिबागच्या इस्रायल आळीत आपल्या आडनावाचे गाव कुठे ते विचारतात. तिकडे नेगेवच्या वाळवंटातील डिमोनात माड उगवत नाही, तरी मलिदा ठरलेला असला की ताटाच्या मधोमध खोवलेले खोबरे लागतेच, आणि ते भारतीय दुकानातून आणले जाते, पोह्यांच्या पिशवीबरोबर.